खालच्या आळीचे पाच फेरे

खोटं मी सांगत नाही. सांगितलंच तर गरजेपुरतं. पण त्या उन्हाळ्याबद्दल तेवढीही गरज पडत नाही. दुपारी विजेच्या खांबाच्या सावलीत कुत्री एकामागं एक ओळीनं झोपत, आणि सावली सरकली की अख्खी ओळ उठून चार बोटं सरकून पुन्हा झोपत असे. गावाबाहेरचं तळं इतकं आटलं की चाळीस वर्षांपूर्वी बुडालेली एक सायकल वर आली, आणि ती आपली म्हणणारे सात जण निघाले. त्यातल्या तिघांना सायकल चालवता येत नव्हती.

गाव उतारावर वसलेलं. अगदी वर पाण्याची टाकी. तिच्या पायाशी वरची आळी. तिथं नगराध्यक्षांचं घर, दवाखाना, शाळा आणि फाटकं असलेली घरं. उतार संपतो तिथं खालची आळी. तिथं धुणारे, शिवणारे, हमाल आणि रंगारी. टाकीशेजारी जमिनीत दोन चौकोनी खड्डे, वर लोखंडी झाकणं. एका खड्ड्यात वरच्या आळीचा व्हॉल्व्ह, दुसऱ्यात खालच्या आळीचा. ते फिरवायला छातीएवढी उंच लोखंडी चावी, डोक्यावर आडवा दांडा. ती वीस वर्षं ज्याच्या खांद्यावर होती त्याला सगळे चावीवाला म्हणत. चावीनं त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता. सदरा शिवताना शिंपीण त्याची एक बाही आखूड ठेवी आणि म्हणे, "दादा, तुमचं माप घ्यायचं म्हणजे उतारावरचं घर मोजायचं."

व्हॉल्व्ह पुरता उघडायला बावीस फेरे लागत. पहाटे चावीवाला वरच्या आळीचा व्हॉल्व्ह बावीस फेरे उघडी आणि खालच्या आळीचा पाच. तासाभरानं दोन्ही बंद करी. पाच कुणी ठरवले? कधीकाळच्या एका अध्यक्षांनी चहा पिता पिता सांगितलं होतं, "खाली पाणी आपोआप जातं रे. पाच ठेव." कागद नाही, शिक्का नाही. नंतर अध्यक्ष बदलले, पाच तेच राहिले.

आणि चावीवाला राहायला खालच्या आळीत.

त्याची बायको आणि सून दवाखान्याच्या चादरी धूत. दिवसाआड तीस चादरी. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा येई आणि दोन्ही वेळा झोपे. बायकोला आणि सुनेला पाच फेऱ्यांचं ठाऊक होतं, आळीत दुसऱ्या कुणाला नाही. घरात तो आकडा कुणी उच्चारत नसे. लिंबं आणायची तर चार आणत नाहीतर सहा.

"आत्या, आज नुसता रडतोय नळ," सून म्हणाली. ती बादलीशेजारी उकिडवी बसली होती.

"रडू दे. रडतोय तोवर बादली भरते. हुंदके द्यायला लागला की संपलं."

बायकोनं चादरीवरचा रक्ताचा डाग साबणानं चोळला. थंड पाणी सोडल्याशिवाय तो हलत नाही, आणि सोडायला पाणी नव्हतं. मग ती चादर पिळून निघालेलं पाणी दुसऱ्या चादरीला, दुसरीचं तिसरीला असं करी. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या. त्यात सोडा शिरला की ती हात हवेत धरून थोडा वेळ बसे, कुणाला थांबा म्हणून हात केल्यासारखी.

चावीवाला टाकीवरून परत आला. त्यानं चावी भिंतीला टेकवली आणि नळाकडं न बघता आत गेला.

तेवढ्यात शिंपीण आली. पन्नाशीची, वाळलेली, तोंडात कायम दोन टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून ती बोलायची, आणि त्या कधी पडल्या नाहीत.

"वहिनी, माझ्या नळाची धार बघायला या. सुईत ओवता येते," ती म्हणाली. "मी अर्ज लिहिलाय. कुठल्या आळीला किती पाणी सोडता, त्याची वही दाखवा म्हणून. सही करता?"

बायकोनं ओले हात पुसले आणि आत बघितलं. 

"करते," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचीच नोकरी आहे ती. पण करते."

सूनबाईनंही केली. चावीवाला आत पाणी न पिता रिकामा पेला धरून उभा होता.

नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून अर्ज दोन्ही बाजूंनी वाचायचा. मागची बाजू कोरी असली तरी.

"वही मागता? वही साहेबांकडं."

"साहेब कुठं आहेत?"

"बैठकीला."

"मग बसते," शिंपीण म्हणाली, आणि बाकावर बसून तिनं पिशवीतून एक शर्ट काढला आणि काजं करायला घेतली.

पहिल्या दिवशी तिनं सहा शर्टांची काजं केली. दुसऱ्या दिवशी सातांची. शिपायाची बाही उसवली होती, ती तिनं त्याला उभं करून अंगावर तशीच शिवून दिली, त्यामुळं त्याला तिला उठवता येईना. तिसऱ्या दिवशी तिच्या बाकावर खालच्या आळीतल्या आणखी चार बाया येऊन बसल्या. एकीनं लसूण सोलायला आणला होता. मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत वास गेला तेव्हा साहेब बाहेर आले. ते नवे होते, बदली होऊन आलेले, आणि दर वाक्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती.

"बाई, अशी वही..." चष्मा पुसला. "अशी वही उपलब्ध नाही."

"मग पाणी कशावरून सोडतात?"

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं छताकडं पाहिलं.

वही नाही हे कळलं की कुणीतरी गुन्हेगार लागतो. संध्याकाळी अध्यक्षांनी तो ठरवला. ते म्हणाले, "पाणी आम्ही बरोबर देतो. मध्ये कोण आहे? चावीवाला. त्यानंच खाल्लं असेल पाणी." पाणी कसं खातात हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी चालू असतानाच, अध्यक्षांचा मेहुणा टाकीवर आला. चांगला धष्टपुष्ट, कानांत मोबाईलच्या गाण्यांची बोंडं, पायांत पांढरे बूट. बरोबर कारकून, आणि गंमत बघायला पंधरा-वीस माणसं. कारकुनानं कागद वाचला: चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

"चावी दे," मेहुणा म्हणाला.

चावीवाला त्याच्या बापाच्या वयाचा. त्यानं चावी दिली आणि म्हणाला, "मालक, तो खालच्या आळीचा व्हॉल्व्ह जरा वेगळा..."

"आता चोर मला शिकवणार?"

बघ्यांतले दोघं-तिघं हसले. एक तर खालच्या आळीतलाच रंगारी होता. चावीवाल्याचं तोंड उघडं होतं, ते त्यानं मिटलं. खांद्यावर चावी नव्हती तरी तो वाकडाच चालत घरी आला.

आता तो काय सांगणार होता ते तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. बारा वर्षांपूर्वी खालच्या आळीचा जुना व्हॉल्व्ह फुटला. भांडारात एकच शिल्लक होता, कुठल्याशा मोडीत निघालेल्या गिरणीतला, आणि त्याचे आटे उलटे होते. जगातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडं फिरवले की उघडतात आणि उजवीकडं फिरवले की बंद होतात. हा उजवीकडं उघडायचा आणि डावीकडं बंद व्हायचा. चावीवाल्यानं तो स्वतः बसवला, दोन दिवस हात चुकला, तिसऱ्या दिवशी हाताला सवय झाली. लिहून कुणी ठेवलं नाही. वहीच नव्हती, तर लिहिणार कशात?

मेहुण्यानं तासाभरानं पाणी बंद करायला घेतलं. वरचा व्हॉल्व्ह उजवीकडं फिरवला, बंद झाला. खालचाही उजवीकडं फिरवला, फिरवला, फिरवला. कडक लागला तेव्हा म्हणाला, झाला बंद. तो पुरता उघडला होता. पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला असता, पण कानांत गाणी होती.

त्या दुपारी खालच्या आळीत जे झालं ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा चढवून सांगतोय. हमालाच्या नळाला तोटी नव्हती, बुचाऐवजी चिंधी कोंबलेली होती. ती चिंधी सुटली ती समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटली, आणि भिंतीवर ऊन खात बसलेलं मांजर जे पळालं ते तीन दिवसांनी परत आलं. बादल्या भरल्या, पातेली भरली, पिंपं भरली. एका घरात पाळणा भरला, बाळ काढून. आणि धार थांबेना. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पहाटे, धार चालूच.

"बघा," रंगारी म्हणाला. "तो हटला आणि पाणी आलं."

हे वाक्य त्या दिवशी आळीतल्या प्रत्येक घरानं एकदा म्हटलं. चावीवाल्याचं घर सोडून.

त्याची बायको भरल्या पिंपाशी चादरी खळबळत होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाताला चादर तरंगताना लागली. शेजारीण कुंपणापाशी आली.

"वहिनी, एवढं पाणी जायचं कुठं हो इतकी वर्षं? काही दिसलं नाही तुमच्या घरी कधी. विकायचे की काय?"

बायको चादर पिळत राहिली. पिळून पिळून चादर दोरीसारखी झाली, तरी सोडेना.

दुपारी जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "काय केलंत जाताना?"

"काही नाही. त्यानं उलटं फिरवलं."

त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बायकोला हसू फुटलं. इतकं की तिला ताट खाली ठेवावं लागलं. सूनही हसली. मग बायको एकदम थांबली.

"म्हणजे ते खालचं पाणी कमी करायला जातील तर..."

"वाढेल. उघडा म्हणाले की थोडं कमी होतं, बंद करा म्हणाले की पुरतं सुटतं."

"आणि लोक म्हणतात तुम्ही चोर."

"म्हणू देत ना, आत्या," सून म्हणाली. "चादरी तर निघतात. मामंजी, तुम्ही एक अक्षर बोलू नका. माझ्या कमरेचा विचार करा."

चावीवाला बोलला नाही. बोलला तर नाव परत मिळणार होतं आणि आळीचं पाणी जाणार होतं. गप्प बसला तर पाणी राहणार होतं आणि नाव जाणार होतं. असा माणूस जेवतो तेव्हा घास चावायला फार वेळ लागतो.

वरच्या आळीत तोवर नळ खोकायला लागले होते. टाकी रात्रभर भरायची आणि दिवसभर खाली वाहून जायची. वरच्या आळीच्या वाट्याला हवा. अध्यक्षांनी मेहुण्याला बोलावलं.

"खालच्यांचं कमी कर."

त्यानं पहाटे आदल्या दिवशीपेक्षा कमी, तीनच फेरे "उघडले". खाली पाणी वाढलं.

"अरे, आणखी कमी कर."

त्यानं एकच फेरा दिला. आणखी वाढलं. चौथ्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "बंदच ठेव." त्या दिवशी खालच्या आळीतल्या गटारात मासे आले असं लोक सांगतात. मी एकच पाहिला, आणि तो प्लास्टिकचा होता.

सहाव्या दिवशी दवाखान्याची आया चादरींचं गाठोडं घेऊन आली. एरवी दवाखान्याचा पोऱ्या हातगाडीवर आणून द्यायचा, आज ती स्वतः आली, आणि काखेत दोन रिकामे डबे.

"काकू, चादरी मागाहून द्या. आधी डबे भरून द्या," ती म्हणाली. "बाळंतीण आहे वर. पाच दिवस तिला अंघोळ नाही. डॉक्टर रिकाम्या नळाखाली हात धरतात आणि माझ्याकडं बघतात."

बायकोनं डबे भरले. आया निघाली तशी चढावर तिच्या डब्यांतलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर पडत होतं. चावीवाला दारात बसून ते बघत होता. मग उठला आणि टाकीच्या दिशेला गेला. टाकीच्या बाहेरच्या बाजूनं पातळी दाखवणारा काटा असतो. या दिवसांत तो सकाळी निम्म्यावर असायचा. तो तळाला टेकला होता. तळ्यातून टाकी भरणाऱ्या पंपाचा माणूस भेटला. म्हणाला, असंच चाललं तर पंधरवड्यात चिखल ओढायला लागेल.

तिथून चावीवाला थेट शिंपिणीकडं गेला. ती मशीनवर होती.

"ताई, एक बोलायचंय."

"बोला. पाय थांबवत नाही, शाळेचे गणवेश आहेत."

त्यानं उलट्या आट्यांचं सांगितलं. तिचे पाय चालूच राहिले. टाचण्या मात्र तिनं तोंडातून काढून ठेवल्या. मग त्यानं पाच फेऱ्यांचं सांगितलं. पाय थांबले.

"किती वर्षं?"

"वीस."

"माझी पोर पहाटे उठून त्या सुतळीएवढ्या धारेखाली कळशी धरून बसायची," शिंपीण म्हणाली. "तिथंच बसल्या बसल्या झोपायची. तुम्ही जाता-येता बघायचात."

"हो."

"तिला एकदा तुम्ही उठवलंत. कळशी सांडतेय म्हणालात."

"हो."

 चावीवाला उभाच होता. बस म्हणालं नव्हतं कुणी.

"मला एकटीला सांगून पाप फेडताय होय?" ती म्हणाली. "हे सगळ्यांपुढं सांगा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही आळ्यांपुढं."

"सांगितलं की आपलं पाणी कमी होणार, ताई. आळी मला जिवंत ठेवायची नाही."

"त्या जाड्याच्या चुकीवर आळी किती दिवस पाणी पिणार? उद्या त्याच्या हाताला कळलं की आपण परत सुतळीवर. आणि तेव्हाही वही नाहीच." तिनं सुईत दोरा ओवला. "एक करा. ते बोलवायला येतील. आल्याशिवाय राहायचे नाहीत. हात लावायचा नाही, कागद आल्याशिवाय."

ते आठव्या दिवशी आले. सकाळी सातला कारकून दारात. "अध्यक्षसाहेबांनी टाकीवर बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

टाकीपाशी निम्मं गाव जमलं होतं. वरच्या आळीची माणसं रिकाम्या बादल्या घेऊन, खालच्या आळीची हात बांधून. मेहुणा खड्ड्यावर वाकून खालचा व्हॉल्व्ह बंद करायला उजवीकडं रेटत होता; तो पुरता उघडाच होता, त्यामुळं हलत नव्हता. पांढरे बूट चिखलानं माखले होते. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे, दाढी न केलेली, कारण पाणी नव्हतं.

"काय रे," ते चावीवाल्याला म्हणाले, "जाताना काय करून ठेवलंस? सरळ नीट कर, नाहीतर पोलिसात देतो."

 चावीवाला खड्ड्याकडं गेला नाही.

"करतो, साहेब. किती फेरे ठेवायचे ते लिहून द्या."

"लिहून? तुला?"

"वीस वर्षं तोंडी ऐकलं. तोंडी ऐकून चोर झालो. आता कागद द्या."

शिंपीण पुढं आली. "आणि आम्हालाही तोच कागद हवाय. अर्ज दिलाय मी. पोच आहे माझ्याकडं."

अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडं पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला. मग एक नवल झालं. चष्मा पुसून झाल्यावर ते अध्यक्षांऐवजी चावीवाल्याकडं बघून बोलले. "आधी सांगा, आजवर किती होते?"

 चावीवाल्यानं मागं वळून पाहिलं. त्याची बायको गर्दीच्या कडेला उभी होती, हात सोड्यानं पांढरे.  तिनं नजर काढली नाही.

"वरच्या आळीला बावीस," तो म्हणाला. "खालच्या आळीला पाच. मीच द्यायचो. माझ्या हातानं."

खालच्या आळीतून कुणीतरी हुं केलं. हमाल दोन पावलं पुढं आला आणि चावीवाल्याच्या पायापाशी थुंकला. शेजारणीनं त्याच्या बायकोकडं असं पाहिलं की ती एक पाऊल मागं सरली. मग पुन्हा पुढं आली आणि होती तिथंच उभी राहिली.

"बघा, कबूल केलं," अध्यक्ष म्हणाले.

"कुणाच्या सांगण्यावरून, तेही विचारा," शिंपीण म्हणाली.

"सांगणारे गेले," चावीवाला म्हणाला. "तुम्ही काही सांगितलं नाहीत, साहेब. तुम्ही अध्यक्ष झालात त्या पहिल्या दिवशी मी विचारलं, खालच्यांना किती ठेवू. तुम्ही म्हणालात, चाललंय तसं चालू दे."

अध्यक्षांना आठवलं असावं, कारण ते मेहुण्याकडं बघून विनाकारण ओरडले, "अरे, तू काय बघतोस?"

"आणि मीही विचारलं नाही परत," चावीवाला म्हणाला. "वर्षानुवर्षं विचारलं नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवला. "किती असायला हवेत?"

"वरच्यांना बावीस, खालच्यांना बारा. खाली उतार आहे, बारा फेऱ्यांत दोन्हीकडची बादली एकाच वेळात भरते. पटत नसेल तर दोन्हीकडं बादल्या लावा आणि घड्याळ धरा."

"बारा? आत्ता आम्हाला दिवसभर पाणी आहे," रंगारी ओरडला. "तू आमच्या आळीचा ना रे?"

"पंधरा दिवस आहे," पंपाचा माणूस मागून म्हणाला. "मग तळं कोरडं. वरही नाही, खालीही नाही."

रंगाऱ्यानं तोंड उघडलं, पण आया डबे घेऊन त्याच्या शेजारीच उभी होती. ती त्याची मावशी लागते. तिनं नुसतं बघितलं.

साहेब लिहू लागले आणि सवयीनं पुटपुटले, "सदर झडप द्वादश परिभ्रमणे..."

"फेरे लिहा, साहेब," शिंपीण म्हणाली. "आम्हाला वाचायचंय. आणि हेही लिहा, रोज पहाटे दोन्ही आळ्यांतली दोन-दोन माणसं समोर उभी राहून मोजतील. आणि कागद कचेरीत नको, टाकीवर रंगवा. रंगारी आहे आमच्याकडं. रिकामाच ओरडतोय."

लोक हसले. रंगारीही हसला, नाइलाजानं.

साहेबांनी सही केली. पेन अध्यक्षांपुढं धरलं. अध्यक्षांनी रिकाम्या बादल्यांकडं पाहिलं, त्यातली एक त्यांच्या आईच्या हातात होती. म्हातारी म्हणाली, "कर की सही, मेल्या. किती वेळ उन्हात उभी करतोस?" त्यांनी केली. शिक्का कारकुनाच्या खिशातच होता.

चावीवाल्यानं मेहुण्याच्या हातातून चावी घेतली. खालच्या खड्ड्यात उतरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा उलट्या आट्यांचा आहे. उजवीकडं उघडतो, डावीकडं बंद होतो. बारा वर्षांपूर्वी मी बसवला. लिहून घ्या."

मेहुण्यानं कानातली बोंडं काढली. "काय म्हणाला?"

कुणी सांगितलं नाही. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना मात्र आठ दिवसांचा हिशेब एकदम लागला. ते बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या आठवड्यात वरच्या आळीत आलेलं तेवढंच पाणी.

चावीवाल्यानं व्हॉल्व्ह डावीकडं पुरता बंद केला. मग शिंपीण, हमाल, आया आणि मास्तर खड्ड्याभोवती उभे राहिले.

"मोजा," तो म्हणाला आणि उजवीकडं फिरवायला लागला.

"एक," चौघं म्हणाले. "दोन. तीन. चार. पाच."

त्याचा हात थांबला. थकून नव्हे. हात आपोआप सुटला आणि दांडा तसाच उभा राहिला. त्यानं हाताकडं पाहिलं, दुसऱ्याचा असावा तसं. गर्दीत एक क्षण कुणाला कळेना काय झालं.

"सहा," मागून त्याची बायको म्हणाली.

त्यानं दांडा धरला आणि फिरवला.

"सहा," चौघं म्हणाले. "सात. आठ. नऊ."

"दहा," हमाल म्हणाला.

"कसले दहा? नऊ झाले," मास्तर म्हणाले.

"मी बायकोचं नाव घेतलं नसेल इतकं नीट मोजलंय. दहा."

"म्हणूनच चुकलं," आया म्हणाली.

वरची आळी नऊ म्हणू लागली, खालची दहा. रंगारी अकरा म्हणाला. अध्यक्षांच्या आईनं सगळ्यांना मूर्ख म्हटलं. मुख्याधिकारी चष्मा पुसू लागले. शिंपीण हात वर करून म्हणाली, "भांडू नका. दादा, बंद करा. पुन्हा पहिल्यापासून मोजू."

ऊन चांगलंच वर आलं होतं. चावीवाल्याच्या पाठीवर सदरा चिकटला होता, एक बाही आखूड असलेला. वीस वर्षांत त्याला कधी कुणी दुसऱ्यांदा मोजायला लावलं नव्हतं. त्यानं व्हॉल्व्ह मागं घेतला, पुरता बंद केला, तळहातांवर थुंकला आणि दांडा धरला.

"मोठ्यानं मोजा," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"एक," गाव म्हणालं.